हौगांगची अहिराणी

सिंगापूरमध्ये माझ्या नवऱ्याच्या जुन्या चीफइतका संतापी माणूस दुसरा कुणी नव्हता, आणि त्या माणसावर माझ्याइतकं संतापलेलंही दुसरं कुणी नव्हतं. चीफ म्हणजे बोटीवरचे चीफ इंजिनिअर. माझा नवरा त्यांच्या हाताखाली तीन वर्षं समुद्रावर होता, तेव्हापासून आमच्या घरात त्यांना नाव असं उरलंच नाही, नुसते ‘चीफ’. बोट सोडून ते हौगांगला चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहू लागले आणि एका यार्डात जहाजांच्या दुरुस्तीवर देखरेख करू लागले. बायको वारलेली, मुलगी कॅनडात. समुद्र सुटला तरी इंजिनरूममधला आवाज मात्र त्यांनी खाली उतरवला नाही. लिफ्टमध्ये ते कुणाला ‘गुड मॉर्निंग’ म्हणाले की वरच्या मजल्यावर लिफ्टची वाट बघणारी माणसं दचकत. त्यांना रागवायला कारण लागत नाही असं लोक म्हणत, ते साफ खोटं. कारण लागत असे, फक्त ते कायम एकच असे. चीफ धुळे जिल्ह्यातल्या एका खेड्यातले, त्यांची भाषा अहिराणी. ती भाषा नव्हेच, असं जग म्हणत होतं आणि चीफ जगाशी भांडत होते.

बरं, त्यांना मराठी येत नव्हती असं कुणी समजू नये. माझ्यापेक्षा चांगली येत होती. पण त्यांनी आपल्या जिभेची वाटणी करून टाकली होती. यार्डात इंग्रजी, इतर भारतीयांशी हिंदी, भाजीवाल्याशी मोडकीतोडकी मलय, आणि मराठी माणूस समोर आला की फक्त अहिराणी, मग त्याला कळो न कळो. बुकित तिमाहला महागड्या कॉन्डोत राहणारे आमचे एक बँकेतले साहेब त्यांना भेटले की हटकून विचारत, “काय चीफ, कसं काय?” चीफ म्हणत, “बरं शे भो. तुम्हनं कसं चाली राह्यनं?” साहेब बायकोकडे वळून म्हणत, “किती गोड ना? अगदी गावाकडचं!” झालं. तिथून पुढे चीफना आवरणं कठीण. चेष्टा करणाऱ्यांपेक्षा गोड म्हणणाऱ्यांवर त्यांचा दात जास्त. चेष्टा करणाऱ्याला निदान आपण काय करतोय ते माहीत असतं, असं त्यांचं म्हणणं. माझं डोकं चीफपायी शंभर वेळा उठलं असेल, पण या एका बाबतीत त्यांचं चुकत होतं असं मला आजही म्हणवत नाही.

एकदा ते दवाखान्यात गेले होते. काम साधं, कान तपासून घ्यायचे. काउंटरवरच्या मुलीने भाषेचा रकाना भरायला सुरुवात केली. चीफ म्हणाले, अहिराणी. तिने यादी खालीवर करून पाहिली आणि गोड आवाजात सांगितलं, “अंकल, कंप्युटर डोन्ट हॅव लाह. आय पुट ‘अदर्स’, कॅन?” मागे वीसेक म्हातारी माणसं नंबर धरून बसलेली. चीफनी काउंटरवर दोन्ही हात टेकले. “अदर्स इज नॉट अ लँग्वेज, मिस! हू स्पीक्स अदर्स? यू ब्रिंग मी वन मॅन हू स्पीक्स अदर्स!” ती बिचारी खरोखरच मागे वळून बघायला लागली. शेवटी कुणीतरी मोठे साहेब आले आणि रकाना मोकळा सोडायचं ठरलं. कान तपासायचे राहूनच गेले. चीफ जिंकल्यासारखे घरी आले आणि त्यांनी माझ्या नवऱ्याला फोन करून सगळी हकिकत इतक्या जोरात सांगितली, की ती स्वयंपाकघरात मलाही ऐकू आली.

अहिराणी सिंगापूरला कशी आली याचा इतिहास ते लिहीत होते. लिहीत होते म्हणजे तोंडी, भेटेल त्याला ऐकवत होते. त्यांच्या मते इतर भाषा इथे ऑफिसातून आल्या, अहिराणी इंजिनरूममधून आली. खानदेशची पोरं आयटीआय करून बोटीवर चढली आणि जहाजाच्या पोटात घामाने निथळत आपली भाषा घेऊन या बंदरात उतरली. इंजिनाच्या धडधडाटात पुणेरी मराठी विरघळून जाते, अहिराणी मात्र पलीकडच्या बॉयलरपर्यंत पोचते, हा त्यांचा शास्त्रीय सिद्धांत. त्याला माझा नवरा साक्षीदार आहे. चीफच्या बोटीवर एक फिलिपिनो फिटर होता. चीफ वरून ओरडत, “पाना आन रे भो!” आणि खालून तो ओरडे, “उनू चीफ, उनू!” म्हणजे आलो, आलो. जगात कुठल्याही विद्यापीठाने या भाषेसाठी जेवढं केलं नसेल तेवढं मी एका तेलकट बॉयलरसूटमधल्या माणसाला शिकवून केलं, असं चीफ म्हणत.

पण मला खरा राग त्यांच्या शिकारीचा येई. सिंगापुरात अहिराणी बोलणारी पुष्कळ माणसं लपून बसली आहेत अशी त्यांची खात्री होती. पुण्यात शिकलेली, मुंबईत नोकरी केलेली, विचारलं की ‘नाशिकसाईडचे’ म्हणून सांगणारी. त्यांना शोधून काढायची चीफची एक पद्धत होती. गणपतीच्या कार्यक्रमात माणसं जेवणाची ताटं घेऊन उभी असली, की हे हळूच कुणाच्या तरी मागे जाऊन दबक्या आवाजात, म्हणजे त्यांच्या हिशेबाने दबक्या, म्हणत, “पायजोडे इच्चू शे!” पायाशी विंचू आहे. पुण्याचा माणूस आधी विचार करतो आणि मग उडी मारतो. खानदेशी माणूस आधी उडी मारतो. सिंगापुरातल्या एअरकंडिशन्ड हॉलमध्ये, लादीवर, विंचू कुठून येणार? पण पाय ऐकतात, डोकं नंतर येतं. एका वर्षी ते माझ्या मागे आले, आणि माझ्या ताटातली अळूची भाजी बँकेच्या साहेबांच्या बायकोच्या साडीवर गेली.

चीफ पुढे आले. मग कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या खऱ्याखुऱ्या हळू आवाजात विचारलं, “कोनतं गाव वं बहीन?” मी म्हटलं, “मी पुण्याची.” ते म्हणाले, “इच्चू काय गाव इचारीसन चावस का वं?” आणि निघून गेले. मी साडीवाल्या बाईंची माफी मागत राहिले.

आता सांगायला हरकत नाही. मी शिरपूरजवळच्या एका खेड्यातली. अकराव्या वर्षी शिकायला पुण्याला मावशीकडे आले. पहिल्याच आठवड्यात वर्गात बाईंनी काहीतरी विचारलं आणि मी उभी राहून उत्तर दिलं, उत्तर बरोबर होतं. सगळा वर्ग हसला. बाईही हसल्या, आणि म्हणाल्या, “पुन्हा म्हण गं, किती गंमत वाटते.” मी पुन्हा म्हटलं. त्या दिवसापासून मी ती भाषा गिळली ती गिळलीच. कॉलेजपर्यंत माझी मराठी अशी काही घासूनपुसून निघाली, की लोक मला सदाशिव पेठेतली समजत आणि मी समजू देत असे. माझं लग्न ठरलं तेव्हा आईला बजावलं, तिकडच्या माणसांसमोर फार बोलू नकोस. माझी आई, जी विहिरीवर उभी राहून अख्ख्या गल्लीला हसवायची, ती माझ्या लग्नात चार दिवस गप्प बसली. सासरकडची माणसं म्हणाली, विहीणबाई किती शांत आहेत! तीन वर्षांनी ती गेली. लग्न मावशीच्या घरून झालेलं, त्यामुळे नवऱ्यालाही मी पुण्याचीच वाटत होते; हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

आणि सिंगापुरात मी काय करत होते, तर दर रविवारी मुलांना शुद्ध मराठी शिकवत होते. इथे शाळेत मातृभाषा म्हणून मराठी घेता येत नाही, आमची मुलं हिंदी घेतात. त्यावरून आमच्या लोकांचं रक्त उसळतं. एकदा त्यावर सभा झाली. आपल्या भाषेला कमी लेखतात, आपली मुलं परकी होतील, असं एकेक जण तावातावाने सांगत होता. चीफ उभे राहिले. “तुम्ही मराठीले जे मांगी राह्यनात, ते अहिराणीले देशात का?” मग कुणीतरी समजुतीने म्हणालं, “चीफ, ती बोली आहे हो. भाषा वेगळी, बोली वेगळी.” चीफ म्हणाले, तुम्हाला जे ऐकून राग आला तेच तुम्ही मला ऐकवताय. तेव्हा टेबलापाशी बसलेल्या एका बाईंनी चष्मा काढून म्हटलं, “कृपया विषय सोडून बोलू नका.” ती बाई मी होते.

पुढे चीफची आई आली. ऐंशीच्या पुढची, वाकलेली, नऊवारी, दंडावर गोंदलेलं. सगळे तिला मायच म्हणू लागले. तिला अहिराणीशिवाय काही येत नव्हतं आणि त्यावाचून तिचं काही अडतही नव्हतं. इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, जिला इथे व्हॉइड डेक म्हणतात, ती रोज सकाळी जाऊन बसे. तिथे शेजारची चिनी आजी येई. सगळे तिला आ-मा म्हणत. ती तिओच्यू ही दक्षिण चीनमधली भाषा बोलणारी. तिच्या नातवंडांना मँडरिन येत होतं, इंग्रजी येत होतं, आजीची तिओच्यू येत नव्हती, त्यामुळे स्वतःच्याच घरात तिच्याशी बोलायला कुणी नव्हतं. माय अहिराणीत सुनांची गाऱ्हाणी सांगे, आ-मा तिओच्यूत बहुतेक तेच सांगे, आणि दोघी अगदी योग्य जागी मान हलवत. चीफना तिथेही राग आलाच. आ-माच्या नातवाला त्यांनी लिफ्टमध्ये गाठलं. “यू लर्न युवर ग्रँडमदर्स लँग्वेज. अदरवाइज आय विल लर्न बिफोर यू!” तो म्हणाला, “अंकल, व्हेरी डिफिकल्ट लाह.” चीफ खरंच शिकायला लागले. महिन्याभरात त्यांना दहाएक शब्द आले, आणि तेही इतक्या जोरात, की आ-मा कानावर हात ठेवून हसायची.

श्रावण जवळ आला आणि एके दिवशी चीफ आमच्या बुकित पंजांगच्या घरी आले. नवरा तेव्हा सुटीवर होता. चीफ सोफ्याच्या कडेवर बसले आणि चक्क मराठीत बोलू लागले, स्वच्छ, कमावलेल्या मराठीत. नवरा बघतच राहिला. ते म्हणाले, “वहिनी, घरी कानबाई बसवतोय. माय दोन महिन्यांनी परत जाणार, तिचा इथे राहण्याचा पास संपतोय, आणि तब्येत पाहता पुन्हा येणं होईलसं वाटत नाही. तिला गाणी म्हणायची आहेत. ती गाणी एकटीने म्हणता येत नाहीत. एकीने ओळ म्हणायची, दुसरीने मागे धरायची. मागे धरायला एक बाई हवी आहे.” कानबाई आमच्या खानदेशची देवी. नारळाला नथ-डोळे लावून, साडी नेसवून श्रावणातल्या रविवारी बसवतात, सोमवारी बोळवतात. मी लहानपणी आईच्या मांडीला टेकून ती गाणी मागे धरलेली होती. मला सगळं येत होतं.

हा माणूस, जो पंतप्रधानांशीही अहिराणीतच बोलला असता, तो माझ्या घरात मराठीत बोलत होता. नवऱ्यासमोर माझं गुपित फुटू नये म्हणून. हे मला तेव्हाच कळलं, आणि म्हणूनच मी जास्त भडकले. मी म्हटलं, “मला ती भाषा येत नाही, चीफ. कितीदा सांगायचं?” ते उठले. “ठीक आहे वहिनी. दर्शनाला तरी या.” चहाला हातही न लावता गेले. नवरा म्हणाला, “अगं, तुलाच का विचारलं त्यांनी?” मी म्हटलं, मला काय माहीत, विचित्रच आहेत ते.

त्या रविवारी संध्याकाळी हौगांगच्या फ्लॅटमध्ये बरीच माणसं जमली. बुकित तिमाहची मंडळीही हौसेने आली होती, मोबाईल सरसावून. चौरंगावर कानबाई, शेजारी आ-मा खुर्चीवर, मांडीवर संत्र्यांची पिशवी. मायने डोक्यावरून पदर घेतला आणि सुरू केलं, “कानबाई माय उनी, अंगनमा उजेड व्हयना...” कानबाई आली, अंगणात उजेड झाला. आवाज फाटका, पण सूर पक्का. ओळ संपवून ती थांबली. आता ‘उजेड व्हयना वं माय, उजेड व्हयना’ असं धरायचं होतं, एवढंच. माझ्या घशापर्यंत आलं. शेजारी साडीवाल्या बाई माझ्या कानात कुजबुजल्या, “म्हणजे अशुद्ध मराठीच ना हे?” आणि मी, मराठीची शिक्षिका, मान हलवली. मायने थोडा वेळ वाट पाहिली, मग मागची ओळही स्वतःच म्हटली. पुढची ओळ म्हटली, थांबली, पुन्हा स्वतःच. प्रत्येक ओळीला ती थांबत होती. मला तिचा राग यायला लागला. कळत नाही का या बाईला, इथे कुणी नाही? कशाला थांबते? चौथ्या-पाचव्या ओळीला आ-माने आपल्या सुरात काहीतरी गुणगुणायला सुरुवात केली, तिओच्यूत की नुसतंच, देव जाणे. माय हसली आणि तिच्यासाठी थांबायला लागली. लोकांनी व्हिडिओ काढले.

मग जेवण. कानबाईच्या रोटांचा, म्हणजे पुरण भरलेल्या जाड पोळ्यांचा, एक नियम आहे. वेगळ्या काढलेल्या गव्हाचे ते रोट भाऊबंदांबाहेर कुणाला देत नाहीत. पाहुण्यांना शिरापुरी होती, सगळ्यांना तीच वाढली. चीफनी आ-माच्या ताटात रोट वाढला. कुणीतरी विचारलं, तेव्हा माय म्हणाली, “हाई मनी बहीन शे.” मग ते माझ्यापाशी आले आणि माझ्याही ताटात रोट ठेवला. साडीवाल्या बाई म्हणाल्या, “आम्हाला नाही का हो ती पुरणपोळी?” चीफ म्हणाले, “खतम व्हयनी.” त्या खोलीत त्याचा खरा अर्थ तिघांनाच कळत होता. मी खाल्ला. मान खाली घालून, शेवटच्या कणापर्यंत. निघताना पाया पडले, तर मायने माझी हनुवटी धरून विचारलं, “कोनी आंडेर वं तू?” कुणाची मुलगी तू? मागे सगळे चपला घालत उभे होते. मी म्हटलं, “मी पुण्याची आहे, आजी.” ती म्हणाली, “बरं माय, बरं,” आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

माय गावी गेली आणि थंडीत वारली. मला महिन्याभराने कळलं, तेही नवऱ्याने बोटीवरून सांगितलं तेव्हा. मी त्याच दुपारी हौगांगला गेले. चीफ टीव्ही बंद करून टीव्हीसमोर बसले होते. ज्या घरातून खालच्या बसस्टॉपपर्यंत आवाज येत असे, त्या घरात पंख्याचा आवाज ऐकू येत होता. आता त्या भाषेत त्यांच्याशी बोलायला सबंध बेटावर कुणी उरलं नव्हतं. मी समोर बसले आणि तोंड उघडलं, तर तीस वर्षं न बोललेलं वाक्य बाहेर आलं, “माय गयी, तं माले कसाले सांगं नही तुम्ही?”

ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, “अहिराणी बोलस, पन पुनानी बाई बोलस तशी.” आणि हसता हसता रडायला लागले. मीही रडले, आणि मग चिडून विचारलं की तेव्हा सगळ्यांसमोर माझ्या ताटात रोट का वाढला. ते म्हणाले, मी नाही, मायने वाढायला सांगितला. विंचवाच्या दिवशीच त्यांनी तिला फोनवर सांगून टाकलं होतं, एक आपली पोर सापडली आहे, पण लपून बसते. कानबाईच्या दिवशी मी येणार हे तिला माहीत होतं, मी कुठे बसले आहे हेही माहीत होतं. चीफ तिला म्हणाले होते, माय, उगाच थांबू नकोस, ती नाही म्हणणार. ती म्हणाली होती, “येई. आज नही तं सकाय येई. मी थांबसू.” सकाय म्हणजे उद्या.

चीफ पुढच्याच वर्षी सगळं आवरून गावी गेले. तिथून मला मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून पाठवतात, मोठमोठ्याने, बहुधा कुणाशी तरी भांडून आल्यावर लगेच. मी अहिराणीत उत्तर देते, ते चुका काढतात, मी चिडते. रविवारच्या वर्गात मी आता मुलांना विचारते, तुमची आजी कसं बोलते, म्हणून दाखवा. कुणी हसलं तर माझा आवाज असा चढतो, की पालक दारात येऊन बघतात. हे सगळं ठीकच आहे. पण श्रावणातल्या त्या रविवारी मी ओट्याशी उभी राहते आणि ती मागे धरायची ओळ म्हणते, एकदा, दोनदा, न चुकता. आता मला ती म्हणायला लाज वाटत नाही. फक्त तिच्या आधीची ओळ म्हणायला कुणी नाही.